रस्त्यावरचे खाणे आणि करोना : भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात इंदूरच्या राजवाडा परिसरात सकाळच्या पोह्यांची वाफ उठली नाही. बडोद्यात सेव-उसळीच्या गाड्यांभोवतीची गर्दी नाहीशी झाली, गिरगाव चौपाटीवर भेळेच्या टपऱ्यांची ताडपत्री खाली आली आणि जुन्या दिल्लीत चाटच्या दुकानांपुढचे रस्ते एकाएकी रुंद दिसू लागले. २५ मार्चपासून लागू झालेल्या देशव्यापी टाळेबंदीने शहरांतील जे व्यवहार एका फटक्यात थांबवले, त्यांत रस्त्यावरचे खाणे हा सर्वाधिक डोळ्यांत भरणारा व्यवहार असावा. पुढील दोन वर्षांत हे खाणे टप्प्याटप्प्याने परतले. मात्र ते खाणाऱ्या प्रौढ माणसाच्या मनात स्वच्छतेविषयी त्या काळात जी उलथापालथ झाली, तिच्याकडे आज काहीशा शांतपणे पाहता येते. आपण नेमके कशाला भ्यालो, कशाला भ्यायला हवे होते आणि त्या भीतीतून अंगवळणी पडलेल्या सवयींपैकी कोणत्या खरोखर उपयोगाच्या आहेत, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असले तरी त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

‘रस्त्यावरचे खाणे’ या शब्दांत दोन भिन्न गरजा एकत्र बांधल्या जातात. रविवारी संध्याकाळी नोकरदार कुटुंब पाणीपुरी खायला बाहेर पडते, ती हौस. बांधकामावरचा मजूर, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी, रिक्षाचालक यांचे मात्र ते रोजचे जेवण असते. त्यांच्या खोलीत अनेकदा चूलच नसते. जगभरात दररोज सुमारे अडीच अब्ज लोक रस्त्यावरचे अन्न खातात, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे, आणि या संख्येत हौसेने खाणाऱ्यांपेक्षा गरजेने खाणाऱ्यांचा भरणा मोठा असणार हे उघड आहे. टाळेबंदीत पहिल्या गटाने घरीच पुऱ्या तळून पाहिल्या. दुसऱ्या गटापुढे जेवायचे कुठे, हा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी टाळेबंदीत पाच रुपयांना मिळू लागली आणि एप्रिल २०२१ मधील निर्बंधांच्या काळात ती काही काळ विनामूल्य देण्यात आली, त्यामागे हेच वास्तव होते.

विषाणू पुरीत नव्हता

जिवाणू आणि विषाणू यांच्यातील एक मूलभूत भेद त्या दिवसांत फारसा कोणी समजावून सांगितला नाही. जिवाणूंना वाढण्यासाठी ओलावा, ऊब आणि पोषक द्रव्य पुरते. म्हणून दुपारी वाटलेल्या चटणीत संध्याकाळपर्यंत त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढू शकते. विषाणूला वाढण्यासाठी जिवंत पेशी लागते. करोनाचा विषाणू चटणीत, पिठात किंवा रगड्यात वाढू शकत नाही. शिवाय तो मुख्यतः श्वसनमार्गाने पसरणारा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी ७ एप्रिल २०२० रोजी अन्न व्यावसायिकांसाठी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यातही अन्नातून वा त्याच्या वेष्टनातून या आजाराची लागण होण्याची शक्यता अतिशय कमी असल्याचे म्हटले होते.

तरीही भीती जाऊन बसली ती वस्तूंवर. हा विषाणू प्लास्टिकवर तीन दिवसांपर्यंत तग धरू शकतो, असे मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले होते. प्रयोगशाळेतील नियंत्रित परिस्थितीत मिळालेला हा निष्कर्ष घरोघरी पोहोचला तो ‘पिशवीला हात लावला की करोना’ अशा रूपात. भाजी साबणाने धुतली गेली, दुधाच्या पिशव्या पुसल्या गेल्या, बाहेरून आलेले पार्सल काही तास दाराबाहेर ठेवले गेले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने दूषित पृष्ठभागाच्या स्पर्शातून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे सांगितले, तोवर सवयी पक्क्या झाल्या होत्या.

वर्तमानपत्राची गोष्ट या संदर्भात मोठी बोलकी आहे. विषाणूच्या धास्तीने अनेकांनी घरी येणारा पेपर बंद केला; मुंबई-पुण्यात काही काळ घरोघरी वृत्तपत्र टाकण्यावर शासकीय निर्बंधही होते. व्यवहार पुन्हा सुरू झाले तेव्हा त्याच कागदात बांधलेला गरम वडापाव मात्र बिनधास्त खाल्ला जाऊ लागला. वास्तविक वर्तमानपत्राचा खरा उपद्रव इथेच आहे. छपाईच्या शाईतील घातक रसायने गरम आणि तेलकट पदार्थात सहज उतरतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने याबाबत डिसेंबर २०१६ मध्येच इशारा दिला होता आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधून देण्यास मनाई केली. ज्या कागदाला भ्यायचे कारण नव्हते त्याला आपण भ्यालो, आणि ज्या वापराला भ्यायला हवे होते तो चालू राहिला.

करोनाच्या दृष्टीने गाड्यावरचा धोका होता तो श्वासात. पाणीपुरीच्या गाड्याभोवती सहा-सात माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात, प्रत्येकाची मुखपट्टी उतरलेली, तोंड उघडे, तिखटाने नाक वाहते आहे, गप्पा आणि ‘अजून एक द्या’चा पुकारा चालू आहे. मोकळी हवा ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. बंदिस्त, वातानुकूलित उपाहारगृहापेक्षा उघड्यावरची जागा अधिक सुरक्षित होती, ही गोष्ट त्या वेळी अनेकांच्या गळी उतरत नव्हती. काचेआडचे ते स्वच्छ आणि पदपथावरचे ते घाणेरडे, हा आपला जुना ग्रह साथीतही सुटला नाही. या कोंडाळ्यात सर्वाधिक जोखीम होती ती विक्रेत्याची, कारण ग्राहक दहा मिनिटांत निघून जात असे आणि तो मात्र दिवसभर शेकडो उघड्या तोंडांसमोर उभा असे.

म्हणूनच एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात रस्त्यावरील खाद्यविक्रेत्यांना सकाळी ७ ते रात्री ८ या वेळेत केवळ पार्सल देण्याची मुभा मिळाली आणि जागेवर खाण्यास मनाई झाली, तेव्हा तो नियम वरवर जाचक वाटला तरी त्याला शास्त्रीय आधार होता. मुखपट्टी उतरण्याचा प्रसंगच त्याने टाळला. पाणीपुरीच्या बाबतीत हा नियम म्हणजे पदार्थाची हत्याच, हे कोणीही रसिक मान्य करील. पुरी, पाणी आणि रगडा तीन पिशव्यांत घरी नेऊन जे काही तयार होते त्याला दुसरे नाव शोधावे लागेल.

पण पार्सलने एक धोका टाळताना दुसरा ओढवून घेतला, आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष झाले. गाड्यावरच्या खाण्याचे सर्वांत मोठे संरक्षण म्हणजे कढईतून थेट ताटलीत आणि ताटलीतून थेट तोंडात होणारा प्रवास. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा जिवाणूंच्या वाढीला पोषक मानला जातो. गरम पदार्थ पातळ पिशवीत बांधून एप्रिल-मेच्या उन्हात तासभर फिरला, घरी आल्यावर ‘जरा वेळाने खाऊ’ म्हणून ओट्यावर राहिला, तर तो नेमका याच पट्ट्यात रेंगाळतो. शिजवलेल्या भातात टिकून राहणारे काही जिवाणूंचे बीजाणू अशा वेळी जागे होतात. काही जिवाणूंनी अन्नात सोडलेले विष नंतर कितीही गरम केले तरी नष्ट होत नाही. ‘घरी आणून गरम करून खाल्ले’ हे समाधान त्यामुळे नेहमीच खरे नसते.

हातमोजे, सॅनिटायझर आणि एकच फडके

व्यवहार पुन्हा सुरू झाल्यावर ग्राहक गाड्याची पारख नव्या खुणांवरून करू लागला. विक्रेत्याच्या हातात मोजे आहेत का, समोर सॅनिटायझरची बाटली आहे का, तोंडावर पट्टी आहे का, हे पाहिले जाऊ लागले. या खुणा डोळ्यांना दिसतात, म्हणून मनाला पटतात. त्यांतील प्रत्येकीचा खरा उपयोग किती, हे वेगळे पाहावे लागते.

हातमोजे घ्या. त्याच मोज्यांनी कांदा चिरला, नोट घेतली, सुटे पैसे दिले, कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा शेव पेरली, तर मोज्याने केवळ विक्रेत्याचा हात स्वच्छ ठेवला. ग्राहकाचे अन्न नव्हे. उलट, उघड्या हाताला चिकटलेला चिकटपणा माणसाला जाणवतो आणि तो हात धुतो. मोज्याच्या आतला हात कोरडा असतो, त्यामुळे धुण्याची आठवणच होत नाही. वर उल्लेखिलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही मोजे वारंवार बदलले पाहिजेत, त्यांनी सुरक्षिततेचा फसवा भास निर्माण होऊ शकतो आणि साबणाने हात धुणे हे अधिक भरवशाचे संरक्षण आहे, असे स्पष्ट म्हटले होते. दिवसभरात पन्नास वेळा मोजे बदलणे कोणत्याही गाडीवाल्याला परवडणारे नाही.

सॅनिटायझरचेही असेच. मद्यार्कयुक्त द्रव करोनाच्या विषाणूवर प्रभावी ठरतो, कारण त्या विषाणूभोवती असलेले स्निग्ध आवरण मद्यार्कात विरघळते. पण उलट्या-जुलाबाला कारण होणारा नोरोव्हायरस किंवा कावीळ अ चा विषाणू यांना असे आवरणच नसते, आणि त्यांच्यावर मद्यार्काचा परिणाम बराच कमी होतो. बटाट्याच्या सारणाने माखलेल्या, तेलकट हातावर तर तो द्रव नीट पोहोचतही नाही. श्वसनमार्गाच्या साथीसाठी घेतलेले हत्यार पोटाच्या आजारांविरुद्ध तितके चालत नाही. तिथे साबण आणि वाहते पाणी यांना पर्याय नाही.

या सगळ्यात ज्या वस्तूकडे क्वचितच कोणाचे लक्ष गेले, ती म्हणजे गाड्यावरचे फडके. हात पुसायला तेच, ताटली पुसायला तेच, फळी पुसायला तेच, आणि दिवसभर ओलेच. जंतूंना एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणारे याहून सोयीचे साधन शोधून सापडणार नाही.

साथीच्या काळातील एक बदल मात्र स्वच्छतेच्या हेतूने न येताही स्वच्छतेच्या कामी आला : क्यूआर संकेताचा फलक. पूर्वी एकच माणूस एका हाताने नोट घेई आणि त्याच हाताने पुरी फोडी. ग्राहक मोबाइलवरून पैसे देऊ लागला, तशी अन्न हाताळणाऱ्या हाताची नोटांशी असलेली गाठ बऱ्याच अंशी सुटली. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत डिजिटल व्यवहार करणाऱ्या विक्रेत्यांना वर्षाला १,२०० रुपयांपर्यंत परतावा ठेवण्यात आला होता. त्याचा हेतू आर्थिक नोंदींचा होता. पदरात पडला तो आरोग्याचाही लाभ.

आणखी एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. करोनाने अनेकांचा गंध आणि चव काही काळ हिरावून घेतली. विटलेले अन्न ओळखण्याचे माणसाचे सर्वांत जुने साधन म्हणजे नाक. चटणी आंबली आहे, तेल खवट झाले आहे, हे डोळ्यांआधी नाकाला कळते. बरे होऊन घराबाहेर पडलेल्या कित्येकांना हा पहारेकरी सोबत नसताना खावे लागले. अर्थात नाकावर संपूर्ण भरवसा एरवीही ठेवता येत नाही, कारण आजारी पाडणारे बरेचसे जंतू अन्नाचा वास वा चव बदलतच नाहीत.

पाणी कुठून येते?

गाड्यावरच्या पदार्थांकडे जंतूंच्या नजरेने पाहिले तर एक साधी रेघ ओढता येते. उकळत्या तेलातून वा तापल्या तव्यावरून आलेला भाग बहुधा सुरक्षित असतो. त्याच्यावर नंतर जे पडते त्यात धोका असतो. वडा नव्हे, त्यावरची ओली चटणी. मिसळीची तर्री नव्हे, वर भुरभुरलेला कच्चा कांदा आणि कोथिंबीर. उसाच्या रसातला बर्फ. औद्योगिक वापराचा बर्फ खाण्यात जाऊ नये म्हणून महाराष्ट्रात २०१८ मध्ये त्याला निळा रंग देण्याचा नियम करावा लागला, यावरून या प्रश्नाची खोली ध्यानात यावी. तेलाचा धोका वेगळा आहे. तो जंतूंचा नसून पुन:पुन्हा तापवल्याने तयार होणाऱ्या घटकांचा आहे, आणि त्यासाठी जुलै २०१८ पासून तेलातील ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा आहे.

पाणीपुरी या रेषेच्या पूर्णपणे धोक्याच्या बाजूला येते. पुरी तळलेली असली तरी पाणी न उकळलेले, बर्फ घातलेले, आणि त्यात विक्रेत्याचा हात मनगटापर्यंत बुडतो. चिंचेचा आंबटपणा काही जंतूंना मानवत नाही हे खरे. पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही. जून २०२२ मध्ये, म्हणजे करोनाची लाट ओसरत असताना, काठमांडू खोऱ्यातील ललितपूर महानगरात पटकीचे रुग्ण आढळल्यानंतर पाणीपुरीची विक्री थांबवण्यात आली. तिच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडल्याचे तेथील प्रशासनाने सांगितले होते. श्वसनाच्या साथीपासून सुटका होते न होते तोच पाण्याची जुनी साथ दारात उभी राहिली.

दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ मधील अंदाज होता. साथीच्या काळात हे आजार घटले का? अमेरिकेतील देखरेख यंत्रणेला २०२० मध्ये अन्नजन्य संसर्गांचे प्रमाण आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा २६ टक्क्यांनी कमी आढळले. हात धुणे वाढले, बाहेरचे खाणे कमी झाले, हे एक स्पष्टीकरण. पोट बिघडलेले लोक रुग्णालयाच्या वाटेलाच गेले नाहीत, त्यामुळे नोंदी घटल्या, हे दुसरे. दोन्हींचा वाटा निश्चित वेगळा काढता आला नाही, असे तेथील तज्ज्ञांनीच मान्य केले. आपल्याकडे तर पोट बिघडल्यावर ओव्याचा काढा किंवा औषधाच्या दुकानातली गोळी घेऊन भागवण्याची रीत. अशा आजारांतला फार मोठा भाग कोणत्याही वहीत चढतच नाही.

ग्राहकाला यातले काहीच ठाऊक नसते, असेही नाही. विचारले तर बहुतेक प्रौढ माणसे उघडे अन्न, माश्या, अस्वच्छ पाणी यांविषयी नेमकी उत्तरे देतात. गाड्यापुढे उभे राहिल्यावर मात्र भूक, घाई, पंधरा-वीस रुपयांचा हिशेब आणि ‘आपला नेहमीचा माणूस’ हा विश्वास यांपुढे ते ज्ञान मागे पडते. नेहमीच्या विक्रेत्यावरचा विश्वास अगदीच निराधार नसतो. रोज तीच गिऱ्हाइके येत असतील तर कोणाला बाधले हे त्याला दुसऱ्या दिवशी ऐकावे लागते. पण हा विश्वास विक्रेत्याच्या स्वभावाची हमी देतो, त्याच्या पिंपातल्या पाण्याची नाही.

आणि पाणी हा बहुतांशी विक्रेत्याच्या हातातला विषयच नसतो. वीस लिटरची बादली घेऊन पदपथावर उभ्या असलेल्या माणसाने त्यातूनच हात धुवायचे, ताटल्या विसळायच्या, भांडी घासायची आणि पुन्हा प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबण लावायचा, ही अपेक्षा कागदावर सोपी आहे. जवळ नळ नसतो, सांडपाण्याला मोरी नसते, शौचालय असले तर त्यात साबण नसतो. दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातांची स्वच्छता शेवटी या तीन गोष्टींवर ठरते.

कायद्याने हा प्रश्न अर्धवट हाताळला आहे. पथविक्रेता अधिनियम २०१४ ने विक्रेत्यांना उपजीविकेचे संरक्षण दिले, नगर पथविक्रेता समित्यांची तरतूद केली आणि त्यांत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या छोट्या खाद्यविक्रेत्यालाही नोंदणी आवश्यक आहे. म्हणजे एका कायद्याने तो पथविक्रेता आणि दुसऱ्याने अन्न व्यावसायिक. विक्री क्षेत्र ठरलेले नसेल तर त्याच्या गाड्याला कायमची जागा नाही, आणि जागा नाही तर नळजोडणी कोणाच्या नावे द्यायची, हा प्रश्न पालिकेला पडतो. अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी दिसताच कढई उचलून पळावे लागणाऱ्याने हात धुण्याचे कुंड कुठे बसवावे?

जिथे जागा पक्की झाली तिथे चित्र बदललेले दिसते. अहमदाबादच्या कांकरिया तलावाचा परिसर २०१८ मध्ये देशातील पहिले ‘स्वच्छ स्ट्रीट फूड हब’ ठरला. पुढे इंदूरचे छप्पन दुकान आणि मुंबईतील जुहू व गिरगाव चौपाट्या त्या यादीत आल्या. साथीनंतर, २०२३ मध्ये, केंद्राने देशभरात अशा १०० खाद्यगल्ल्या उभारण्यासाठी प्रत्येकी एक कोटी रुपयांच्या साहाय्याची योजना आखली, आणि त्यांतील पहिली ‘प्रसादम्’ जानेवारी २०२४ मध्ये उज्जैनच्या महाकाल लोक परिसरात सुरू झाली. पिण्याचे पाणी, हात धुण्याची सोय, झाकलेली गटारे आणि कचऱ्याची व्यवस्था ही तिथली मुख्य अंगे आहेत. या गल्ल्या बहुतेक पर्यटकांच्या वाटेवरच्या आहेत. रेल्वे स्थानकाबाहेरचा, सरकारी रुग्णालयाच्या फाटकापाशी नातेवाइकांना पोळीभाजी विकणारा, कारखान्याच्या पाळीच्या वेळी तासभर उभा राहणारा एकटा गाडा त्यांत बसत नाही, आणि गरजेने खाणाऱ्यांची रांग तिथेच लागते.

स्वनिधी योजनेचीही अशीच दोन अंगे आहेत. २४ मार्च २०२० पर्यंत शहरांत विक्री करणाऱ्यांना १० हजार रुपयांपर्यंतचे विनातारण खेळते भांडवल देऊन तिने बुडालेल्या धंद्यांना पुन्हा उभे केले. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची मुदत मार्च २०३० पर्यंत वाढवताना पहिल्या कर्जाची मर्यादा १५ हजार करण्यात आली आणि खाद्यविक्रेत्यांना अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या सहकार्याने स्वच्छतेचे प्रशिक्षण देण्याचेही ठरले. मुखपट्ट्या गेल्या, सॅनिटायझरच्या बाटल्या वाळल्या, क्यूआर फलक तेवढा राहिला, अशा टप्प्यावर हे प्रशिक्षण येत आहे. त्यात हात केव्हा व कसे धुवावेत हे विक्रेत्याला शिकवता येईल. ते पाणी गाड्यापर्यंत आणण्याचे काम मात्र पालिकांच्या पाणीपुरवठा विभागाचे आहे, आणि विक्री क्षेत्रे निश्चित होत नाहीत तोवर ते त्या विभागाच्या यादीत येण्याची शक्यता नाही.